टेनिसचा एक हंगाम: घरातून किती जातात, परत किती येतात

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, आयटीएफच्या, एम-१५ स्पर्धा. नावातला १५ हा आकडा स्पर्धेच्या एकूण बक्षिसाचा आहे: १५ हजार डॉलर. त्यात मुख्य फेरी गाठून पहिलाच सामना हरणाऱ्याच्या हाती १५६ डॉलर येतात. दुसऱ्या फेरीत हरला तर २५८, उपांत्यपूर्व फेरीत ४३८, उपांत्य फेरीत ७५२, अंतिम सामन्यात १,२७२. आठवडाभर एकही सामना न हरता करंडक उचलणाऱ्याला २,१६० डॉलर. या लेखात हिशोबापुरता डॉलर ९० रुपये आणि युरो १०० रुपये धरला आहे. म्हणजे पहिल्या फेरीतल्या पराभवाचे १४ हजार रुपये आणि विजेतेपदाचे १ लाख ९४ हजार. तेही कर कापण्याआधी.

मुलगा ज्युनियर गटातून बाहेर पडला आहे, राज्यात-देशात नाव झालं आहे, आता 'सर्किटवर' पाठवायचं असं घरात बोलणं सुरू आहे, अशा कुटुंबासाठी हा लेख आहे. उत्तर आधीच सांगतो. महाराष्ट्रातून निघून, सोबत कोच न घेता, काटकसरीने २८ आठवड्यांचा हंगाम खेळायचा तर २८ ते ३० लाख रुपये लागतात. पहिल्या वर्षी त्यातले चार-पाच लाख परत आले तर मुलगा बरा खेळला असं समजावं. कोच सोबत घेतला की आकडा ३४ लाखांपासून ४५ लाखांपर्यंत जातो. ही रक्कम घरातून गेली तरी घर उभं राहील का, हा प्रश्न पहिलं तिकीट काढण्याआधी सोडवायचा आहे. तो मुलाच्या फोरहँडपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण त्याचं उत्तर 'नाही' असेल तर मुलगा प्रत्येक सामना घरच्या कर्जाचं ओझं घेऊन खेळतो.

हा आकडा फुगवलेला नाही. आयटीएफने स्वतः २०१३ सालच्या सर्किटचा अभ्यास केला, तेव्हा पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ३८,८०० डॉलर निघाला होता, कोचचा खर्च सोडून. जमाखर्चाची तोंडमिळवणी जगात ३३६ व्या क्रमांकाच्या आसपास होते, असंही त्याच अभ्यासात दिसलं. त्या वर्षी सर्किटवर उतरलेल्या स्त्री-पुरुष खेळाडूंपैकी निम्म्याच्या जवळपास जणांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नव्हता. त्यानंतरच्या दशकात विमानाची तिकिटं, हॉटेलं, जेवण सगळं महागलं. एम-१५चं बक्षीस मात्र १५ हजारच राहिलं. एम-२५ स्पर्धांचं एकूण बक्षीस २०२५ पासून २५ वरून ३० हजार डॉलर झालं, तेवढाच काय तो दिलासा.

हिशोब आठवड्याचा मांडा

बहुतेक घरांत हिशोब दौऱ्याचा होतो. इजिप्तला जाऊन यायला इतके, युरोपला इतके. त्यात तिकीट आणि हॉटेल नीट धरलं जातं, बाकीचं निसटतं. टेनिसमध्ये खर्चाचं एकक आठवडा आहे. स्पर्धा आठवड्याची, क्रमवारीचे गुण आठवड्याचे, आणि ते गुण बरोबर ५२ आठवड्यांनी गळूनही पडतात. म्हणून एका आठवड्याचा खर्च काढा आणि त्याला आठवड्यांच्या संख्येने गुणा.

भारतातला आठवडा सर्वांत स्वस्त. साधं स्वच्छ हॉटेल दिवसाला अडीच हजार, खेळाडूचं जेवण हजार-बाराशे, रेल्वेचं किंवा कधी विमानाचं भाडं, गटिंगची, म्हणजे रॅकेटला तार ओढण्याची, मजुरी, रिक्षा-टॅक्सी, कपडे धुणं. ४० हजारांत बसतं. थायलंडसारख्या देशात ५० हजार धरा. ट्युनिशियातलं मोनास्टिर, इजिप्तमधलं शर्म अल शेख आणि तुर्कस्तानातलं अंताल्या इथे वर्षातले कितीतरी आठवडे लागोपाठ एम-१५ स्पर्धा चालतात. तिथे रिसॉर्टमध्ये राहणं, जेवण आणि कोर्ट यांची एकत्र व्यवस्था असते. आठवड्याला ६० हजारांच्या आसपास जातात. पश्चिम युरोपात हॉटेल दिवसाला ६० युरो, जेवण ३०, गटिंग, स्थानिक प्रवास असं धरत गेलात की ८५ हजार होतात, आणि हे बेताने राहणाऱ्याचं गणित आहे. यात मोठा विमानप्रवास अजून आलेलाच नाही.

प्रत्येक आठवड्याला ४० डॉलर प्रवेश शुल्क असतं, तेही विसरू नका. एकेरीच्या पात्रता फेरीत हरलेल्याला बक्षीस काहीच नाही. त्याने ४० डॉलर भरले, हॉटेलात राहिला, दोन तास खेळला, आणि सोमवारी दुपारी त्याचा आठवडा संपला. पुढची स्पर्धा रविवारी. मधले पाच-सहा दिवस हॉटेल चालू, जेवण चालू. पहिल्या हंगामात असे आठवडे बरेच येतात. ते अपयश समजू नका, पण अंदाजपत्रकात नक्की धरा. पैसे संपतात ते याच दिवसांत.

आता २८ आठवडे वाटून पाहू. भारतात आठ आठवडे, ३ लाख २० हजार. मोनास्टिर, शर्म, अंताल्या मिळून आठ, ४ लाख ८० हजार. आग्नेय आशियात सहा, ३ लाख. युरोपात सहा, ५ लाख १० हजार. झाले १६ लाख १० हजार. त्यावर तीन-चार मोठे परदेशप्रवास, युरोपातले आतले प्रवास आणि देशातली विमानं मिळून साडेतीन लाख. उरलेले २४ आठवडे मुलगा घरी असतो, पण खर्च थांबत नाही. अकादमीची फी, कोर्ट, सरावाचे चेंडू मिळून पावणेतीन-तीन लाख. फिटनेस ट्रेनर आणि फिजिओ पावणेदोन ते दोन लाख. व्हिसा आणि विमा सत्तर-ऐंशी हजार. राहिलं सामान.

सामानात रॅकेटचा खर्च सगळ्यांना दिसतो. चार रॅकेट, ८० हजार, संपला विषय. खरा खर्च तारांचा आहे. पॉलिएस्टर तारेचा ताण खेळून आणि नुसता पडूनही उतरतो. या पातळीवर खेळाडू सामन्याला दोन-तीन ताज्या गटिंगच्या रॅकेट घेऊन उतरतो. स्पर्धेच्या आठवड्यात आठ आणि घरी सरावाच्या आठवड्यात चार गटिंग धरली तरी वर्षाला ३२० होतात. २०० मीटरच्या रिळातून १६-१७ रॅकेट निघतात, म्हणजे वर्षाला वीस रिळं. मधल्या दर्जाची तार दहा हजारांना रीळ या भावाने घेतली तरी दोन लाख गेले. नामांकित तार घेतली तर तीन-चार लाखही जातील. रीळ घरूनच न्यावं. स्पर्धेच्या ठिकाणी फक्त मजुरी द्यावी, तिथली तार विकत घेऊ नये. दोन-तीन खेळाडूंनी मिळून प्रवासी गटिंग मशीन घेतलं तर हंगामाच्या मध्यावरच त्याची किंमत वसूल होते. मुलाला स्वतः गटिंग करता येणं हे या सर्किटवर सर्व्हिस करता येण्याइतकंच कामाचं आहे. बूट हार्ड कोर्टवर तीन-चार आठवड्यांत झिजतात. वर्षाला डझनभर जोड, लाखभर रुपये.

सगळी बेरीज २९ लाखांच्या आसपास जाते. आयटीएफचे २०१३ चे ३८,८०० डॉलर आजच्या भावाने ३५ लाख होतात. आपण साठेक हजार रुपयांच्या आठवड्यांवर भर दिला म्हणून थोडे खाली राहिलो, एवढंच.

कुठे खेळायचं

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या हंगामात शहरं मोजू नका, सामने मोजा. एकाच ठिकाणी तीन-चार आठवडे लागोपाठ स्पर्धा असतील तिथे जावं. ७५ हजारांचं तिकीट एका आठवड्यासाठी काढलं तर तो आठवडा सव्वा लाखाच्या वर जातो. चार आठवड्यांवर पसरलं तर प्रत्येकावर १९ हजारच चढतात. शिवाय हवामान, चेंडू, कोर्टचा वेग ओळखीचा होतो, सरावाला जोडीदार मिळतात, आणि पहिल्या आठवड्यातला गडबडलेला मुलगा तिसऱ्या आठवड्यात सावरलेला दिसतो. मोनास्टिर आणि शर्म इथे हार्ड कोर्ट, अंताल्याला बहुतेक मातीचं कोर्ट. आपली मुलं हार्ड कोर्टवर वाढतात. अंताल्याला जायचं तर आधी मातीवर दोन-तीन आठवडे सराव करूनच जावं. नाही तर सरावाचेच पैसे स्पर्धेच्या भावाने मोजाल.

या रिसॉर्टांचा एक धोका आहे. राहणं सोपं, खाणं सोपं, पुढच्या सोमवारी पुन्हा नवी स्पर्धा. काही मुलं तिथे महिनोनमहिने अडकतात, दमलेल्या अंगाने खेळत राहतात आणि दर आठवड्याला १५६ डॉलर घेऊन खोलीवर परततात. चार आठवड्यांनंतर घरी आणावंच, मग गुण मिळालेले असोत वा नसोत.

एम-२५ स्पर्धेच्या नावापुढे कधी कधी 'एच' हे अक्षर असतं. तिथे मुख्य फेरीतल्या खेळाडूंची राहण्याची सोय संयोजक करतात. अशी स्पर्धा दिसली आणि मुख्य फेरीत थेट प्रवेशाची शक्यता असली तर ती आधी धरा. हॉटेलचे वाचलेले पैसे दोन फेऱ्यांच्या बक्षिसापेक्षा जास्त असतात. एम-२५ जिंकणाऱ्याला क्रमवारीचे २५ गुण मिळतात, एम-१५ जिंकणाऱ्याला १५. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दोन्हीकडे शून्य.

प्रवेशाचं वेळापत्रक पैशाशी थेट जोडलेलं आहे. खेळाडूला आधी आयटीएफचा 'आयपिन' क्रमांक घ्यावा लागतो, त्याचं वार्षिक शुल्क असतं. स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसात वाजता प्रवेश बंद होतात. नाव मागे घेण्याची मुदत त्यानंतरच्या मंगळवारी संपते. म्हणजे नक्की यादी कळल्यावर प्रवासाला दोन आठवडेही उरत नाहीत, आणि तोवर तिकिटं महाग झालेली असतात. यावर उपाय पुन्हा तोच, लागोपाठच्या स्पर्धांचा गट. एखाद्या आठवड्यात यादी थोडी मागे-पुढे झाली तरी तिकीट वाया जात नाही. जाण्याचं तिकीट आधी काढा. परतीचं, थोडे पैसे जास्त पडले तरी, तारीख बदलता येईल असं घ्या.

कोचबद्दल. पूर्ण वेळ एकट्याचा कोच पहिल्या वर्षी परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. पण पूर्ण हंगाम एकटं पाठवणं मला पटत नाही. १८-१९ वर्षांचा मुलगा परक्या गावात लागोपाठ पाच आठवडे हरतो तेव्हा त्याच्याशी जेवणाच्या टेबलावर बोलणारं कुणीतरी लागतं. तिघा खेळाडूंनी मिळून १४ आठवड्यांसाठी कोच घ्यावा. त्याचं मानधन, राहणं, जेवण, प्रवास मिळून आठवड्याला लाखभर होतात, प्रत्येकावर ३३ ते ३५ हजार. हंगामाला पावणेपाच-पाच लाख. हे पैसे नसतील तर २८ ऐवजी २० आठवडे खेळा, पण त्यातले निम्मे कोचसोबत. कोचच्या जागी आई किंवा वडील जातात तेव्हा खर्च जवळपास तेवढाच होतो आणि कोर्टवरचं काम होत नाही. वडिलांनी एखाद्या स्पर्धेला जरूर जावं, पण वडील म्हणून.

परत किती येतात

एक प्रामाणिक पहिला हंगाम मांडून पाहू. २८ आठवड्यांपैकी १२ वेळा पात्रता फेरीतच पराभव. नऊ वेळा मुख्य फेरीच्या पहिल्या सामन्यात. पाच वेळा दुसऱ्या फेरीत. दोनदा उपांत्यपूर्व फेरी. सगळ्या स्पर्धा एम-१५ धरल्या तर एकेरीतून ३,५७० डॉलर. दुहेरीचं बक्षीस जोडीचं असतं, निम्मं वाटून घ्यायचं. जिंकणाऱ्या जोडीला ९३०, पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीला ११०. वीस वेळा दुहेरी खेळून चारदा उपांत्यपूर्व आणि दोनदा उपांत्य फेरी गाठली तर मुलाच्या वाट्याला १,४७० डॉलर. एकूण ५,०४०, म्हणजे साडेचार लाख रुपये. एकेरीचे गुण नऊ. क्रमवारीत तो हजाराच्या पलीकडेच कुठेतरी असेल.

हा वाईट हंगाम नाही. उपांत्यपूर्व फेरी दोनदा गाठणारा मुलगा पुढच्या वर्षी पात्रता फेरी टाळून थेट मुख्य फेरीत येऊ लागतो, आणि तिथून आठवड्याची किंमत बदलते.

दुहेरीकडे दुर्लक्ष करू नका. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून खेळला, नंतर दुहेरीत स्थिरावला आणि २०२४ मध्ये ऋत्विक बोलिपल्लीसोबत अल्माटीत एटीपी टूरचं, म्हणजे पुरुषांच्या सर्वोच्च सर्किटचं, विजेतेपद मिळवलं. त्याच्या वाटेत आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकन विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर चार वर्षं कोच, कोर्ट, फिजिओ आणि शिक्षण मिळतं, आणि तिथल्या अव्वल खेळाडूंना आता चॅलेंजर स्पर्धांत राखीव जागाही असतात. घरात ३० लाख वेगळे काढता येत नसतील तर हा रस्ता आधी नीट तपासा. मुलाची चार वर्षं वाया जातील ही भीती निराधार आहे. या खेळात अलीकडे खेळाडू तिशीपर्यंत पिकत राहतात.

वरच्या पायऱ्यांवर

आयटीएफच्या वर एटीपी चॅलेंजर. त्यात ५०, ७५, १००, १२५, १७५ असे दर्जे आहेत, आकडा विजेत्याच्या गुणांचा. इथे मुख्य फेरीतल्या खेळाडूला राहण्याची सोय मिळते, बक्षिसं कितीतरी मोठी असतात आणि दर्जा एकदम उंचावतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नई, बंगळुरू, पुणे आणि दिल्ली असे चार आठवडे लागोपाठ चॅलेंजर झाले. महाराष्ट्रातल्या मुलासाठी असे आठवडे सोन्यासारखे, कारण प्रवासखर्च नगण्य आणि संयोजकांकडे स्थानिकांसाठी वाइल्ड कार्ड. त्यातली पुण्यातली, बालेवाडीची महा ओपन मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने जिंकली. हाच व्हाशेरो ऑक्टोबर २०२५ मध्ये जगात २०४ व्या क्रमांकावर असताना पात्रता फेरीतून शांघाय मास्टर्स जिंकला आणि एका स्पर्धेत ११ लाख २४ हजार डॉलर घेऊन गेला. तोवरच्या अख्ख्या कारकिर्दीत त्याने सहा लाखांच्या जवळपास कमावले होते. बालेवाडीत आपल्या मुलाला सरावाला भेटणारा परदेशी खेळाडू कोणत्या तोडीचा असतो, हे यावरून कळावं.

बालेवाडीत २०१८ पासून एटीपी २५० दर्जाची महाराष्ट्र ओपन होत होती. शेवटची जानेवारी २०२३ मध्ये झाली. त्याच स्पर्धेत मानस धामणेला वयाच्या पंधराव्या वर्षी वाइल्ड कार्डवर मुख्य फेरीत खेळता आलं होतं. ती स्पर्धा गेली याचं दुःख आहे. आपल्या मुलांसाठी घराजवळची सर्वांत मोठी संधी तीच होती.

चॅलेंजरला पोचलं की पैशाची चिंता मिटते असं नाही. सुमित नागलने सप्टेंबर २०२३ मध्ये उघडपणे सांगितलं होतं की खात्यात ९०० युरो उरले आहेत, आणि एका प्रवासी कोचसह, फिजिओ न घेता, वर्षाला ८० लाख ते एक कोटी लागतात. तेव्हा तो एकेरीत देशाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. इंडियन ऑइलचा पगार आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत होती, मोठा प्रायोजक नव्हता. चारच महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरी पार करून अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. दुसऱ्या फेरीचे एक लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, फेब्रुवारीत त्याने चेन्नई चॅलेंजर जिंकली आणि पहिल्या शंभरात आला.

ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत नुसतं पोचणं किती मोलाचं, हे २०२५ च्या आकड्यांत दिसतं. पात्रतेचा पहिलाच सामना हरणाऱ्याला विम्बल्डनमध्ये १५,५०० पौंड, फ्रेंच ओपनमध्ये २१ हजार युरो, अमेरिकन ओपनमध्ये २७,५०० डॉलर, ऑस्ट्रेलियात ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. वर्षात चारही ठिकाणी पात्रता खेळला की हंगामाचा मोठा भाग निघतो. त्यासाठी साधारण पहिल्या सव्वादोनशे-अडीचशेत असावं लागतं. एटीपीने २०२४ पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंसाठी किमान उत्पन्नाची हमीही सुरू केली. सुरुवातीला ती पहिल्या शंभरांना ३ लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत ७५ हजार अशी होती. बक्षिसं त्यापेक्षा कमी पडली तर फरक एटीपी देते, ठरलेल्या संख्येने स्पर्धा खेळण्याची अट आहे. म्हणजे कुटुंबाच्या पैशाने जो पूल बांधायचा तो हजारापासून अडीचशेपर्यंतचा. त्याला तीन ते पाच हंगाम लागू शकतात. २९ लाखांना तीनने आणि पाचने गुणून पाहा, मग ठरवा.

कागदपत्रं, कर आणि मदतीचे करार

शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर केंद्राची सेवा फी. १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, हा नियम युरोपचा आराखडा ठरवताना आधी पाहावा. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा, नंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळण्याची तरतूद आहे. म्हणून पहिल्या व्हिसावर मुदतीचा एक दिवसही ओलांडू नका. आठवडाभराच्या मुदतीत देश बदलणाऱ्या खेळाडूसाठी लांब मुदतीचा व्हिसा कोचइतकाच मोलाचा.

प्रवास विमा घेताना एक प्रश्न लेखी विचारा: व्यावसायिक खेळताना झालेली दुखापत यात येते का? साध्या पॉलिसीत ती बहुधा वगळलेली असते, आणि टेनिसपटूला तीच हवी असते.

परदेशात बक्षिसावर तिथला कर आधीच कापला जातो. दर देशागणिक वेगळा, अमेरिकेत परदेशी खेळाडूला साधारण ३० टक्के. प्रत्येक स्पर्धेतून कर कापल्याचा दाखला मागून घ्या, भारतात विवरण भरताना त्याची सवलत मागता येते. मुलाचं उत्पन्न साडेचार लाख असलं तरी विवरण भरा आणि खर्चाच्या पावत्या ठेवा. घरातून परदेशी पैसे पाठवताना किंवा फॉरेक्स कार्ड भरताना वर्षात १० लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला कर, घेते. तो विवरणात परत मिळतो किंवा कराशी जुळवता येतो, पण तोवर काही महिने ते पैसे अडकतात. हंगामाच्या मध्यावर हे लक्षात आलं तर एक आख्खा दौरा रद्द करावा लागतो.

मदत मागायची तर कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाला पैसे देता येतात. ते सहसा नोंदणीकृत संस्थेमार्फत येतात, खेळाडूच्या खात्यात थेट नाही. म्हणून आधी क्लब, अकादमी किंवा ट्रस्ट गाठा. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या खेळाडू म्हणून नोकरी देतात, तो महिन्याचा पगार या धंद्यातलं सर्वांत स्थिर उत्पन्न आहे. युरोपात जर्मनी, फ्रान्सचे क्लब लीग सामन्यांसाठी परदेशी खेळाडूंना मानधन देतात. पहिल्या वर्षी ते मिळणं अवघड, पण क्रमवारी थोडी वर आली की नक्की चौकशी करा.

एखादी खासगी व्यक्ती 'आता मी पैसे देतो, पुढे बक्षिसातला हिस्सा द्या' असं म्हणते तेव्हा सही करण्याआधी वकील बघा. हिस्सा एकूण बक्षिसावर की खर्च वजा करून, किती वर्षं, कमाल किती रक्कम परत द्यायची, दुखापत झाली तर काय, हे चारही मुद्दे कागदावर हवेत. कमाल मर्यादा नसलेला करार १८ वर्षांच्या मुलाच्या नावाने कधीही करू नका.

सर्वांत वाईट पैसा कुठून येतो तेही सांगायला हवं. इतक्या कमी बक्षिसांच्या सामन्यांवर जगभर सट्टा लागतो. टेनिसमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये हेच सांगितलं की वरच्या अडीचशे-साडेतीनशे जणांनाच खर्च भागतो, आणि खालचे खेळाडू म्हणूनच गळाला लागतात. पहिल्या फेरीत हरल्यावर १५६ डॉलर मिळणाऱ्या मुलाला एक सेट सोडण्यासाठी त्याच्या कित्येक पट रक्कम देऊ केली जाते, बहुतेकदा समाजमाध्यमावरच्या अनोळखी खात्यावरून, कधी ओळखीच्या खेळाडूकडून. नकार देणं पुरेसं नाही. असा प्रस्ताव आल्याचं आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्थेला, म्हणजे आयटीआयएला, कळवणं नियमाने बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा ठरतो. टेनिसच्या कोणत्याही सामन्यावर पैज लावायची नाही, आणि दुखापतीची किंवा माघारीची आतली बातमी बाहेर द्यायची नाही. हे पाळण्याची जबाबदारी खेळाडूइतकीच कोचवर, आणि सोबत फिरणाऱ्या वडिलांवरही आहे. असा संदेश आला तर मुलाने तो पुसून टाकू नये. स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी आयटीआयएला पाठवावा आणि घरी फोन करून सांगावं. हे बोलणं विमानतळावर निरोप देताना करू नका, पहिली एन्ट्री भरता त्या संध्याकाळीच करा.